जड आयनांच्या टकरींतील अणुकेंद्र-विखंडन

हीलियमाहून भारी असलेल्या मूलद्रव्याच्या अणूतील काही किंवा सर्व इलेक्ट्रॉन काढून घेतल्यावर जो धन विद्युत् भारित कण उरतो, त्यास अणुकेंद्रीय भौतिकीत जड आयन असे म्हणतात. लिथियम, बोरॉन, कार्बन व ऑक्सिजन यांपासून सोने, शिसे व युरेनियम यांपर्यंतची अणुकेंद्रे या संज्ञेत येतात. असा आयन पुरेशा वेगाने दुसऱ्या अणुकेंद्रावर आदळला म्हणजे दोहोंपैकी एकाचे किंवा दोहोंचेही तुकडे होऊ शकतात. हे तुकडे होण्याचे प्रकार अनेक आहेत. दोन अणुकेंद्रे एकजीव होऊन बनलेले मोठे अणुकेंद्र पुढे साधारणपणे सारख्या वस्तुमानाच्या दोन भागांत फुटते, तेव्हा त्यास भंजन म्हणतात. आदळणाऱ्या अणुकेंद्राचा काही भाग तुटून उरलेला भाग जवळजवळ मूळ वेगानेच पुढे गेल्यास त्यास प्रक्षेप्य-विखंडन म्हणतात. अतिशय तापलेल्या अणुकेंद्राच्या एकाच वेळी अनेक ठिकऱ्या उडणे म्हणजे बहुखंडन होय. ज्याचे घटक मुळातच सैलपणे बांधलेले आहेत असे अणुकेंद्र लक्ष्याच्या जवळून जातानाच दुभंगते, त्यास विघटन असे म्हणतात.

या क्रिया प्रत्यक्ष पाहता येत नाहीत. दोन अणुकेंद्रे एकमेकांना ओलांडून जाण्यास लागणारा काळ, एका सेकंदाचे परार्ध (एकावर सतरा शून्ये) भाग करून त्यांतील एकाचे पुन्हा लक्ष भाग केले असता जेवढा होईल, साधारण तेवढा असतो. त्या काळात काय घडले हे सांगणारे साक्षीदार म्हणजे टकरीतून बाहेर पडलेले तुकडेच. त्यांचा विद्युत् भार, वस्तुमान, ऊर्जा व दिशा मोजून घडलेल्या क्रियेचा मागोवा घ्यावा लागतो. या विषयाच्या इतिहासात एक प्रश्न निरनिराळ्या रूपांत पुनःपुन्हा पुढे आला : अणुकेंद्र फुटते तेव्हा ते कसे निर्माण झाले याची खूण त्याच्या तुकड्यांत शिल्लक राहते की पुसली जाते? या प्रश्नाच्या उकलीत मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्र या दोन संस्थांतील शास्त्रज्ञांचा महत्त्वाचा वाटा आहे.

पूर्वपीठिका : अर्नेस्ट रदरफर्ड यांनी १९१९ मध्ये हीलियमाची अणुकेंद्रे (आल्फा कण) नायट्रोजनावर सोडून त्यातून हायड्रोजनाची अणुकेंद्रे बाहेर पडतात असे दाखविले. अणुकेंद्र अभेद्य नाही याचा हा पहिला प्रायोगिक पुरावा होय. १९३२ मध्ये जॉन कॉक्रॉफ्ट व अर्नेस्ट वॉल्टन यांनी यंत्राने वेग दिलेल्या प्रोटॉनांच्या साहाय्याने लिथियमाचे अणुकेंद्र फोडले. १९३६ मध्ये नील्स बोर यांनी संयुक्त अणुकेंद्राची कल्पना मांडली. तीनुसार आदळणारा कण लक्ष्यात सामावला गेला म्हणजे त्याची ऊर्जा सर्व घटकांत वाटली जाते. या अणुकेंद्राचे आयुष्य अणुकेंद्रीय मापाने दीर्घ असल्याने पुढे ते कसे विघटित व्हावे हे केवळ त्याची ऊर्जा, कोनीय संवेग इ. राशींवर ठरते, ते कोणत्या जोडीपासून बनले यावर ठरत नाही. अणुकेंद्रास स्मृती नसते, असा या कल्पनेचा थोडक्यात अर्थ होता.

१९३७ मध्ये मारिएटा ब्लाऊ व हेर्टा वाम्बाखर यांना ऑस्ट्रियातील पर्वतशिखरावर ठेवलेल्या छायाचित्रीय काचांत एका बिंदूपासून निघालेल्या अनेक रेषांच्या ‘तारका’ आढळल्या. विश्वकिरणांच्या (बाह्य अवकाशातून पृथ्वीवर येणाऱ्या भेदक किरणांच्या) आघाताने एखादे अणुकेंद्र छिन्नभिन्न झाल्याची ती खूण होती. १९३८ च्या अखेरीस ऑटो हान व फ्रिट्झ श्ट्रासमान यांना न्यूट्रॉनांचा मारा केलेल्या युरेनियमात बेरियम सापडले. लीझ माइटनर व ऑटो फ्रिश यांनी युरेनियमाचे अणुकेंद्र दुभंगल्याचा अर्थ त्यातून काढला. बोर व जॉन व्हीलर यांनी १९३९ मध्ये अणुकेंद्रास विद्युत् भारित द्रवाच्या थेंबाची उपमा देऊन भंजनाचा सिद्धांत रचला. थेंबाचे पृष्ठताण त्याला गोल ठेवू पाहते, तर प्रोटॉनांमधील प्रतिसारण (एकमेकांना दूर लोटण्याची क्रिया) त्याला ताणू पाहते. ताणाच्या एका विशिष्ट मर्यादेपलीकडे थेंब मध्यभागी चिंचोळा होतो व तुटतो. या प्रत्येक भंजनात सु. २० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मुक्त होते.

विश्वकिरणांतील जड अणुकेंद्रे : जड अणुकेंद्रांना प्रचंड वेग देणारी यंत्रे उपलब्ध होण्यापूर्वी असे आयन निसर्गानेच पुरविले. १९४८ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा व रॉचेस्टर या विद्यापीठांतील शास्त्रज्ञांनी फुग्यांच्या साहाय्याने वातावरणाच्या वरच्या थरांत छायाचित्रीय पायसे (प्रकाशसंवेदी रसायनाचे जाड थर) पाठविली. त्यांवरून विश्वकिरणांत केवळ प्रोटॉन नसून हीलियमापासून लोहापर्यंतची व त्यापलीकडील अणुकेंद्रेही असतात, असे सिद्ध झाले. रॉचेस्टर येथील संशोधनात हेल्मूट ब्राट व बर्नार्ड पीटर्स (१९१०–९३) हे होते. याच दोघांनी १९५० मध्ये दोन अणुकेंद्रांची टक्कर होण्याची संभाव्यता सांगणारे एक साधे सूत्र दिले. दोन्ही अणुकेंद्रांच्या त्रिज्यांची बेरीज करून तीतून कडांच्या पातळ आवरणासाठी थोडी वजावट करावी, एवढाच त्याचा आशय होता. हे सूत्र किरकोळ फेरफारांसह पुढे अनेक दशके वापरात राहिले.

पीटर्स हे नाझी राजवटीतून निसटून अमेरिकेत गेलेले जर्मन शास्त्रज्ञ होते. शीतयुद्धाच्या काळात तेथेही त्यांच्यावर राजकीय संशय घेतला गेला. होमी भाभा (१९०९–६६) यांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते १९५१ मध्ये आले. त्यांच्या आगमनानंतर मुंबईत पायसतंत्राने विश्वकिरणांचा अभ्यास करणारा गट भरभराटीस आला. देवेंद्र लाल, यश पाल इ. पुढे नावारूपास आलेले शास्त्रज्ञ या गटात तयार झाले. फुग्याबरोबर वर जाऊन आलेली पायसे विकसित केल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली त्यांतील प्रत्येक मार्ग मिलिमीटरामिलिमीटराने तपासला जाई. जड अणुकेंद्राचा मार्ग जाड व केसाळ दिसतो, कारण विद्युत् भार जितका जास्त तितके ते वाटेतील अणूंतून अधिक इलेक्ट्रॉन उडविते. असा जाड मार्ग एकाएकी थांबून त्याच दिशेने दोन-तीन सडपातळ मार्ग पुढे गेलेले दिसले, म्हणजे आदळणाऱ्या अणुकेंद्राचे तुकडे झाले असे समजते. हे तुकडे इकडेतिकडे न पांगता अगदी अरुंद शंकूत पुढे जातात. त्यांचा वेग मूळ अणुकेंद्राएवढाच असतो, हा प्रक्षेप्य-विखंडनाचा मुख्य विशेष या निरीक्षणांतूनच लक्षात आला.

अशा प्रयोगांसाठी दक्षिण भारताचे स्थान विशेष सोयीचे होते. हा प्रदेश भूचुंबकीय विषुववृत्तालगत असल्याने कमी ऊर्जेची अणुकेंद्रे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे दूर फेकली जातात. ज्यांच्या प्रत्येक न्यूक्लिऑनामागे (प्रोटॉन वा न्यूट्रॉन यांमागे) सु. सात ते आठ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा आहे तीच येथवर पोहोचतात. त्यामुळे उच्च ऊर्जेच्या टकरी आपोआपच वेगळ्या होऊन मिळत.

या काळात एका वादाने विखंडनाच्या मोजमापाला महत्त्व आले. लिथियम, बेरिलियम व बोरॉन ही मूलद्रव्ये विश्वात अत्यल्प आहेत, कारण ताऱ्यांच्या अंतर्भागात ती टिकत नाहीत. विश्वकिरणांत मात्र ती कार्बन व ऑक्सिजन यांच्या तुलनेने बरीच आढळत. ती वातावरणाच्या वरच्या थरातच कार्बन व ऑक्सिजन फुटून बनतात की बाहेरूनच येतात, याबद्दल रॉचेस्टर व ब्रिस्टल येथील गटांत मतभेद होता. निर्णय करण्यासाठी, फुग्याच्या वर उरलेल्या हवेच्या थरात किती अणुकेंद्रे फुटतात हे अचूक ठाऊक असणे आवश्यक होते, म्हणजेच विखंडनाचे गुणांक हवे होते. अधिक उंचीवरील व अधिक काटेकोर निरीक्षणांनी शेवटी असे ठरले की, ही मूलद्रव्ये प्रामुख्याने आंतरतारकीय अवकाशातच जड अणुकेंद्रांच्या विखंडनाने निर्माण होतात. त्यांच्या प्रमाणावरून विश्वकिरणांनी पृथ्वीवर पोहोचण्यापूर्वी दर चौ. सेंमी.मागे काही ग्रॅम द्रव्य ओलांडलेले असते, असे अनुमान निघाले. विखंडनाचे तुकडे हे अशा रीतीने विश्वकिरणांच्या प्रवासाचे मोजमाप ठरले.

हीच क्रिया उलट बाजूनेही घडते. विश्वकिरण हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांची अणुकेंद्रे फोडतात, तेव्हा बेरिलियमाचे किरणोत्सर्गी समस्थानिक तयार होतात. १९५६ च्या सुमारास टाटा संस्थेतील पी. एस्. गोयल, देवेंद्र लाल, राम इत्यादींनी पावसाच्या पाण्यात बेरिलियम-७ (अर्धायुष्य सु. ५३ दिवस) ओळखले. दीर्घायुषी बेरिलियम-१० समुद्रतळाच्या गाळात शोधण्यातही या गटाचा सहभाग होता. वातावरणातील हवेची हालचाल व गाळ साचण्याची गती मोजण्याची साधने यांतून मिळाली. विश्वकिरणांतील जड आयनांचा अभ्यास संस्थेत पुढेही चालू राहिला. १९८५ मध्ये सुकुमार बिस्वास यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले ‘अनुराधा’ हे उपकरण अमेरिकेच्या अवकाशयानातून स्पेसलॅब-३ या प्रयोगशाळेबरोबर पाठविण्यात आले.

तुर्भे येथील भंजनसंशोधन : अणुकेंद्र-विखंडनाच्या अभ्यासाचा दुसरा प्रवाह तुर्भे येथे सुरू झाला. तेथे अणुऊर्जा प्रतिष्ठानाची स्थापना १९५४ मध्ये झाली (१९६७ पासून भाभा अणुसंशोधन केंद्र). ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. तिच्यापासून मिळणाऱ्या न्यूट्रॉन झोतांचा उपयोग करून राजा रामण्णा (१९२५–२००४) व त्यांच्या सहकाऱ्यांनी भंजनाच्या वेळी बाहेर पडणारे न्यूट्रॉन, क्ष-किरण व हलके विद्युत् भारित कण यांची मोजमापे केली. परदेशी प्रयोगशाळांच्या तुलनेने साधने मर्यादित होती. अभिज्ञातक (कणांचे अस्तित्व नोंदणारी साधने) व त्यांची इलेक्ट्रॉनीय मंडले बहुतांशी तेथेच बनवावी लागत. त्यामुळे प्रयोगाचे तंत्र स्वतः उभे करणारी शास्त्रज्ञांची पिढी तयार झाली.

या पिढीतील व्ही. एस्. राममूर्ती, एस्. एस्. कपूर व एस्. के. कटारिया यांनी १९७० मध्ये एक महत्त्वाचा निष्कर्ष मांडला. अणुकेंद्रातील प्रोटॉन व न्यूट्रॉन हे ठराविक कवचांत मांडलेले असतात व या कवचरचनेमुळे काही अणुकेंद्रे अधिक स्थिर बनतात. अणुकेंद्र तापविले असता या कवचरचनेचा प्रभाव क्रमाक्रमाने विरतो व ते साध्या थेंबासारखे वागू लागते, हे त्यांनी भंजनाच्या तुकड्यांच्या दिशांवरून दाखविले. फुटणाऱ्या अणुकेंद्राचा अंतर्गत इतिहास तुकड्यांच्या दिशांतून वाचता येतो, ही दृष्टी पुढील संशोधनास उपयोगी पडली.

जड आयनांचे कणवेगवर्धक : दोन अणुकेंद्रे एकमेकांस भिडविण्यासाठी त्यांच्या धन विद्युत् भारांमधील प्रतिसारणाचा बांध ओलांडावा लागतो. ऑक्सिजन व थोरियम या जोडीसाठी हा बांध सु. आठ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतका उंच आहे. एवढी ऊर्जा देणारी यंत्रे १९५० नंतरच्या दशकात उभी राहू लागली. अमेरिकेत बर्कली येथे १९५७ मध्ये, तर सोव्हिएट रशियात डूब्ना येथे १९६० मध्ये जड आयनांचे मोठे वेगवर्धक सुरू झाले. त्यांवरील प्रयोगांत असे आढळले की, दोन मोठी अणुकेंद्रे भिडल्यावर ती नेहमीच एकजीव होत नाहीत. काही वेळा ती काही काळ चिकटून फिरतात, आपसांत वस्तुमान व ऊर्जा यांची देवघेव करतात आणि पूर्ण मिसळण्यापूर्वीच विलग होतात. या क्रियेस भंजनसदृश विलगीकरण किंवा अर्धभंजन म्हणतात. बाहेर येणारे तुकडे भंजनाच्या तुकड्यांसारखेच दिसत असल्याने खरे भंजन कोणते व अर्धभंजन कोणते, हे ओळखणे कठीण झाले.

कोनीय वितरणाचे कोडे : संयुक्त अणुकेंद्र फुटताना त्याचे तुकडे सर्व दिशांना सारख्या प्रमाणात जात नाहीत. जड आयनाची टक्कर मध्यापासून बाजूला झाल्यास अणुकेंद्रास मोठी फिरकी मिळते व तुकडे झोताच्या दिशेने आणि तिच्या विरुद्ध दिशेने अधिक प्रमाणात निघतात. हे आधिक्य किती असावे याचा हिशेब ओ बोर यांनी १९५६ मध्ये सुचविलेल्या व नंतर विकसित झालेल्या सिद्धांताने करता येत असे. १९८० च्या सुमारास झालेल्या प्रयोगांत मात्र ते अपेक्षेपेक्षा बरेच अधिक भरले. फुटण्याच्या क्षणी अणुकेंद्राचा आकार सिद्धांतात धरल्यापेक्षा निराळा असावा, असा एक तर्क होता.

राममूर्ती व कपूर यांनी १९८५ मध्ये वेगळे स्पष्टीकरण दिले. त्यांच्या मते ऊर्जा व वस्तुमान यांचे वाटप पुरे झाले, तरी अणुकेंद्राचा अक्ष फिरकीच्या संदर्भात सर्व शक्य स्थितींत विखुरला जाण्यास आणखी अवधी लागतो. सेकंदाच्या परार्धांशाचा साधारण हजारावा भाग हा त्या अवधीचा अंदाज होता. काही अणुकेंद्रे या अवधीपूर्वीच फुटतात. अशा वेळी तुकडे मूळ टकरीची दिशा काही अंशी जपून ठेवतात. या क्रियेस समतोलपूर्व भंजन असे नाव मिळाले. या स्पष्टीकरणातून एक निश्चित भाकीत निघत होते. आदळणारा आयन लक्ष्याच्या मानाने फारच लहान असेल, तर वस्तुमानाचा ओघ आयनाकडून लक्ष्याकडे वाहून तो त्यात पूर्णपणे सामावला जातो. आयन एका ठराविक मर्यादेपेक्षा मोठा असेल, तर ओघ उलट दिशेने वाहू लागतो, दोन्ही भाग सारखे होऊ पाहतात आणि ही जोडी समतोलापूर्वीच फुटण्याची शक्यता वाढते. म्हणून जवळजवळ तेच संयुक्त अणुकेंद्र दोन निरनिराळ्या जोड्यांपासून बनविले, तर तुकड्यांच्या दिशांत फरक दिसला पाहिजे. बोर यांच्या कल्पनेनुसार, फिरकीचा फरक जमेस धरल्यावर, असा फरक उरावयास नको होता.

मुंबईतील पेलेट्रॉन : हे भाकीत तपासण्याचे साधन लवकरच मुंबईतच उपलब्ध झाले. टाटा संस्थेच्या कुलाबा येथील आवारात भाभा केंद्र व टाटा संस्था यांनी संयुक्तपणे उभारलेला पेलेट्रॉन वेगवर्धक ३० डिसेंबर १९८८ रोजी कार्यान्वित झाला. या यंत्राच्या उभ्या टाकीच्या मध्यभागी असलेल्या अग्रावर जास्तीत जास्त १ कोटी ४० लक्ष व्होल्टपर्यंत विद्युत् दाब निर्माण करता येतो. धातूच्या लहान नळकांड्या विद्युत् निरोधक दुव्यांनी जोडून केलेली साखळी फिरत राहून हा विद्युत् भार अग्रावर वाहून नेते. या नळकांड्यांवरूनच यंत्रास नाव पडले आहे. ठिणगी पडू नये म्हणून टाकीत सल्फर हेक्झाफ्ल्यूओराइड वायू भरलेला असतो. प्रथम ऋण आयन अग्राकडे ओढले जातात. तेथे पातळ पापुद्र्यातून जाताना त्यांचे इलेक्ट्रॉन खरवडले जाऊन ते धन आयन बनतात व त्याच अग्राकडून दूर लोटले जातात. एकाच विद्युत् दाबाचा असा दोनदा लाभ होतो. उदा., अग्रावर १ कोटी २० लक्ष व्होल्ट असताना सात इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन आयन सु. ९ कोटी ६० लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेने बाहेर पडतो. थोरियमासमोरील बांध ओलांडण्यास ती पुरेशी असते.

या झोतांच्या साहाय्याने बोरॉन, कार्बन, ऑक्सिजन यांसारखे आयन थोरियम व नेप्च्यूनियम यांच्या लक्ष्यांवर सोडण्यात आले. १९९० मध्ये राममूर्ती, कपूर व त्यांच्या सहकाऱ्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. मर्यादेपेक्षा लहान आयनांच्या बाबतीत तुकड्यांची दिशा जुन्या सिद्धांतानुसार होती, तर मर्यादेपेक्षा मोठ्या आयनांच्या बाबतीत ती तीपासून ढळली होती. फुटणाऱ्या अणुकेंद्रास आपल्या जन्माची आठवण असू शकते, याचा हा थेट प्रायोगिक पुरावा होता.

तथापि, वाद येथे संपला नाही. ऑस्ट्रेलियात कॅनबरा येथे डेव्हिड हिंड, महानंदा दासगुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ऑक्सिजन व युरेनियम यांच्या टकरींचा अभ्यास केला आणि दुसऱ्या कारणाकडे लक्ष वेधले. युरेनियम व थोरियम यांची अणुकेंद्रे गोल नसून लांबट असतात. कमी ऊर्जेच्या टकरीत आयन त्यांच्या टोकालाच भिडतो, तेव्हा तयार होणारी जोडी फारच लांबट असते व ती मिसळण्याऐवजी अर्धभंजनाने विलग होते. बाजूने भिडल्यास आटोपशीर अणुकेंद्र बनते. म्हणजे केवळ आयनाचा आकार नव्हे, तर टकरीच्या क्षणी लक्ष्य कोणत्या बाजूने समोर आले हेही निर्णायक ठरते. या दोन्ही विचारांची तपासणी पुढे अनेक जोड्यांवर करण्यात आली. स्पष्टीकरणाच्या तपशिलाबद्दल मतभेद असले, तरी टकरीच्या सुरुवातीची परिस्थिती तुकड्यांत उमटते, हा मुद्दा सर्वमान्य झाला.

या प्रश्नाचे महत्त्व केवळ तात्त्विक नाही. निसर्गात न आढळणारी अतिजड मूलद्रव्ये जड आयनांच्या एकीकरणानेच बनवावी लागतात. डूब्ना येथे कॅल्शियम-४८ हा आयन कॅलिफोर्नियमावर सोडून अणुक्रमांक ११८ असलेले मूलद्रव्य मिळविण्यात आले व २०१६ मध्ये त्यास ओगॅनेसॉन हे नाव देण्यात आले. अशा प्रयोगांत बहुसंख्य जोड्या एकजीव होण्यापूर्वीच अर्धभंजनाने फुटून जातात. म्हणून कोणती जोडी टिकेल हे आधी सांगता येणे हीच या क्षेत्रातील मुख्य अडचण आहे.

सैल बांधणीची अणुकेंद्रे व थोरियम : सर्वच आयन सारखे घट्ट नसतात. लिथियम-६ हे अणुकेंद्र केवळ सु. १५ लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेने आल्फा कण व ड्यूटेरॉन यांत दुभंगते. लिथियम-७ व बेरिलियम-९ हीदेखील अशीच नाजूक आहेत. लक्ष्याजवळ येताच ती फुटत असल्याने पूर्ण एकीकरणाचे प्रमाण घटते. १९९९ मध्ये कॅनबरा येथे बेरिलियम-९ व शिसे यांच्या टकरींत ही घट जवळजवळ एक तृतीयांश असल्याचे आढळले. मुंबईच्या पेलेट्रॉनवर लिथियम व बेरिलियम यांच्या झोतांनी या विषयाचा विस्तृत अभ्यास झाला आहे.

या नाजूकपणाचा उपयोगही करून घेण्यात आला. भारताच्या अणुऊर्जा कार्यक्रमात थोरियमास मोठे स्थान आहे. अणुभट्टीत थोरियम-२३२ न्यूट्रॉन ग्रहण करते व प्रोटॅक्टिनियम-२३३ या मधल्या टप्प्यातून युरेनियम-२३३ हे इंधन तयार होते. प्रोटॅक्टिनियम-२३३ चे अर्धायुष्य सु. २७ दिवसच असल्याने त्याचे लक्ष्य करून न्यूट्रॉनांनी होणारे भंजन प्रत्यक्ष मोजणे अत्यंत अवघड असते. भाभा केंद्रातील बी. के. नायक व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये यासाठी आडवाट शोधली. लिथियम-६ थोरियमाजवळ दुभंगले म्हणजे एक तुकडा लक्ष्यात शिरतो व दुसरा निसटतो. आल्फा कण निसटला, तर प्रोटॅक्टिनियम-२३४ बनते. ड्यूटेरॉन निसटला, तर युरेनियम-२३६ बनते. प्रोटॅक्टिनियम-२३३ ने न्यूट्रॉन ग्रहण केल्यावर व युरेनियम-२३५ ने न्यूट्रॉन ग्रहण केल्यावर अनुक्रमे हीच अणुकेंद्रे तयार होतात. दोहोंच्या भंजनाचे गुणोत्तर मोजून व युरेनियमाची ज्ञात संभाव्यता जमेस धरून, १.१५ कोटी ते १.६५ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या न्यूट्रॉनांसाठी प्रोटॅक्टिनियम-२३३ च्या भंजनाची संभाव्यता काढण्यात आली. येथे गृहीत धरलेली गोष्ट म्हणजे तयार झालेले अणुकेंद्र आपल्या निर्मितीची रीत विसरते. एका ठिकाणी जी स्मृती संशोधनाचा विषय असते, तिचा अभाव दुसऱ्या ठिकाणी मोजमापाचा आधार ठरतो. म्हणून या पद्धतीची मर्यादा तपासणे आवश्यक असते. २००७ मध्ये पेलेट्रॉनला अतिसंवाहक रेषीय वेगवर्धकाची जोड देण्यात आली व अधिक जड आयनांचे प्रयोग शक्य झाले. त्यातील तांब्याचे, शिशाचा मुलामा दिलेले अनुनादक देशातच विकसित करण्यात आले आहेत.

उच्च ऊर्जेवरील विखंडन : १९७१ मध्ये बर्कली येथे नायट्रोजनाची अणुकेंद्रे प्रतिन्यूक्लिऑन दोन अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत वेगवान करण्यात आली आणि पूर्वी केवळ विश्वकिरणांत दिसणारे विखंडन प्रयोगशाळेत घडविता येऊ लागले. तुकड्यांच्या वेगांतील अल्पसा विस्तार मूळ अणुकेंद्रातील न्यूक्लिऑनांच्या अंतर्गत हालचालीमुळे येतो, असे आल्फ्रेड गोल्डहाबर यांनी १९७४ मध्ये दाखविले. टकरीत ज्या भागांचे एकमेकांवर आच्छादन होते तेच प्रत्यक्ष भाग घेतात, उरलेले भाग प्रेक्षकासारखे पुढे जातात, असे चित्र यातून रूढ झाले. हे तुकडे स्वतःच नवे झोत म्हणून वापरता येतात. १९८५ मध्ये इसाओ तानिहाता व सहकाऱ्यांनी अशाच तुकड्यांतील लिथियम-११ हे अणुकेंद्र अपेक्षेपेक्षा फार पसरट असल्याचे दाखविले. १९९५ मध्ये जर्मनीत डार्मश्टाट येथे सोन्याच्या अणुकेंद्रांच्या टकरींतील बहुखंडनाचा अभ्यास करण्यात आला. तापमान वाढत जाऊन मध्ये काही काळ जवळजवळ स्थिर राहते, असे त्यात आढळले. पाणी उकळताना जसे घडते, तसे अणुकेंद्रीय द्रवाचे बाष्पात रूपांतर होत असल्याचा हा संकेत मानला गेला. त्याचा अर्थ काय, याबद्दल नंतरही बरीच चर्चा झाली.

जिनीव्हाजवळील सर्न येथील महावेगवर्धकात २०१० पासून शिशाच्या अणुकेंद्रांच्या टकरी घडविल्या जात आहेत. या प्रयोगांत मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेचाही सहभाग आहे. दोन अणुकेंद्रे न भिडता केवळ जवळून गेली, तरी त्यांच्या प्रखर विद्युत् क्षेत्रामुळे काही प्रोटॉन व न्यूट्रॉन बाहेर फेकले जातात. शिशातून तीन प्रोटॉन गेले की सोने उरते. अ‍ॅलिस या प्रयोगसमूहाने २०२५ मध्ये प्रसिद्ध केल्यानुसार २०१५ ते २०१८ या काळातील टकरींत सोन्याची सु. ८६ अब्ज अणुकेंद्रे तयार झाली. त्यांचे एकूण वजन मात्र एका ग्रॅमाच्या एक अब्जांशाच्याही तीन शतांशांहून कमी भरते.

उपयोग : कर्करोगावर कार्बन आयनांनी उपचार करण्याची पद्धत जपानमध्ये चिबा येथे १९९४ पासून वापरात आहे. कार्बन आयन शरीरात ठराविक खोलीवर थांबून तेथेच बहुतांश ऊर्जा देतो. वाटेत फुटलेल्या आयनांचे हलके तुकडे मात्र त्यापलीकडेही जातात. निरोगी भागास त्यांपासून किती इजा होईल, हे ठरविण्यासाठी विखंडनाच्या मोजमापांचा आधार घ्यावा लागतो. अंतराळवीरांच्या संरक्षक आवरणांच्या आखणीतही हाच प्रश्न येतो, कारण आवरणात विश्वकिरणांतील जड अणुकेंद्रे फुटून नवे कण निर्माण होतात. अणुभट्टीच्या इंधनचक्राची गणिते व नव्या मूलद्रव्यांची निर्मिती ही या ज्ञानाची इतर प्रमुख उपयोगक्षेत्रे होत.